देवाची जागा आणि बाबागाडी

देवळाचं दुकान झालं तर लोक चिडतात. दुकानाचं देऊळ झालं तर वर्गणी देतात. पण प्रार्थनागृहाचं चित्रदालन झालं तर काय करावं, याचा नियम काही ठरलेला नाही.

इंग्लंडात टेम्सकाठी कुकम नावाचं गाव आहे. तिथल्या १८४६ सालच्या मेथडिस्ट चॅपेलात १९६२ पासून एकाच चित्रकाराची गॅलरी आहे : स्टॅन्ली स्पेन्सर (१८९१-१९५९). स्वारी याच गावची. लहानपणी त्याला प्रार्थनेला याच चॅपेलात नेत. म्हणजे जिथं चुळबुळ केली म्हणून पोरावर डोळे वटारले असतील, तिथंच आता मोठी माणसं त्याच्या चित्रांपुढं गप्प उभी! सूड म्हणावा तर असा. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकतानाही हा गडी रोज रेल्वेनं घरी परतायचा. सोबत्यांनी त्याचं नावच ‘कुकम’ पाडलं. अप-डाऊन करणाऱ्यांबद्दल मला आपुलकी आहेच.

आता हिशेब. मोठी ठेव इथं नाही. गावच्या स्मशानातून गावकरीच थडग्यांतून उठताहेत, ते प्रचंड चित्र लंडनच्या टेट गॅलरीत, म्हणजे हेड ऑफिसात. शाखेकडे आलं ते अपुरं काम : गावच्या होड्यांच्या शर्यतीत येशू प्रवचन करतोय. साडेसतरा फूट लांब कॅनव्हास. काही भाग रंगवून चोख, बाकीचा नुसत्या पेन्सिलीच्या रेषांत. १९५९ मध्ये चित्रकारच गेला. आमच्याकडे असं अर्धवट लेजर सापडलं तर चौकशी लागते. इथं मात्र मला वाटतं, टेटमधल्या पुऱ्या चित्रापेक्षा हे अपुरंच जास्त बोलतं. हात कसा चालत होता ते उघड दिसतं.

तक्रार एकच. खोली लहान, एवढं चित्र पाहायला मागं सरकावं तर पाठीशी भिंत नाहीतर एखादे आजोबा.

राहिला देवाचा प्रश्न. चॅपेलातून देवाला हुसकावलं का? नाही बुवा. या चित्रात येशू वेताच्या खुर्चीत, नावेत बसलाय, गावकऱ्यांच्या गर्दीत. स्पेन्सरनं देवाला केव्हाच नदीवर नेलं होतं.

आणि गाभाऱ्याची उणीव? गॅलरीनं एक जुनी बाबागाडी जपली आहे. रंग-सामान तिच्यात घालून स्पेन्सर गावभर ढकलत हिंडे. भारी चौकटींपेक्षा लोक तिच्यापाशी जास्त रेंगाळतात. मीही रेंगाळलो. पालखीच ती, फक्त चाकांची.