प्रावरणातील खनिज-स्थित्यंतरे व पृथ्वीची दोलने : प्रचलित मांडणीची चिकित्सा

पदवी स्तरावर पृथ्वीचे अंतरंग कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे शिकविले जाते. प्रावरणातील सुमारे ४१० व ६६० किलोमीटर खोलीवरील विलगता या मांडणीत निश्चल भिंती ठरतात. वस्तुतः तेथे बदलते ती प्रामुख्याने स्फटिकरचना. ऑलिव्हिनचे वॅडस्लेआइट, पुढे रिंगवुडाइट आणि अखेरीस विघटन होऊन ब्रिजमनाइट व फेरोपेरिक्लेज, असा हा क्रम आहे.

निश्चलतेच्या या गृहीताची मर्यादा मुक्त दोलनांच्या संदर्भात उघड होते. २२ मे १९६० च्या चिली भूकंपानंतर संपूर्ण पृथ्वी घंटेप्रमाणे कंप पावल्याची नोंद झाली. तिच्या सर्वांत संथ दोलनाचा आवर्तकाल सुमारे ५४ मिनिटे आहे. अशा दोलनात खोलवरचा दाब किंचित वाढतो व घटतो. जेथे दोन प्रावस्था एकत्र असतात, त्या पट्ट्यात एवढ्यानेही थोडे खनिज रूप पालटू शकते. दाट रूपात त्याचे आकारमान घटते आणि खडक अधिक दबणारा भासतो. मात्र रूपांतरास अवधी लागतो. म्हणून सेकंदाच्या लहरीस ताठ वाटणारा खडक मिनिटांच्या दोलनास मऊ वाटणे शक्य आहे. ली व वाइडनर यांच्या २००८ मधील प्रयोगांनी या शक्यतेस आधार दिला.

झीवोन्स्की व अँडरसन यांच्या १९८१ च्या संदर्भ-प्रतिमानात खडकाच्या अपूर्ण स्थितिस्थापकतेमुळे वेग आवर्तकालानुसार बदलतो, हे धरले आहे. पण ४०० व ६७० किलोमीटरवर केवळ तीक्ष्ण पायऱ्या आहेत, रूपांतराच्या अवधीस तेथे स्थान नाही. परिणामी लहरींच्या वेगातील घट तापमानाच्या किंवा रासायनिक घडणीच्या खात्यावर मांडली जाण्याचा धोका उरतो. हा आक्षेप गौण नव्हे. प्रावरण कशाचे बनले आहे, याचे उत्तरच त्यावर अवलंबून आहे.

निघोजच्या रांजणखळग्यांपाशी विद्यार्थ्यांस बसाल्ट दाखविता येतो, ब्रिजमनाइट नाही. ते नागपूर जिल्ह्यात काटोल येथे २२ मे २०१२ रोजी (चिलीचीच तारीख!) पडलेल्या अशनीत आढळले, खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. परंतु ते अवकाशातील आघाताने, अल्पावधीत घडलेले. त्यावरून खनिजाची ओळख पटते, संथ दोलनातील त्याची गती नव्हे.

त्यासाठी दोलनांचीच परस्पर तुलना अधिक उपयुक्त वाटते. पृथ्वीच्या पिळाच्या दोलनांत दाब जवळजवळ बदलत नाही, फुगण्या-दबण्याच्या दोलनांत बदलतो. रूपांतराचा परिणाम खरा असेल तर तो मुख्यतः दुसऱ्या प्रकारात दिसावा. अडचण अशी की, हा पट्टा काही किलोमीटर जाडीचा आणि दोलने शेकडो किलोमीटर खडकाची सरासरी सांगणारी.