श्रेयाचा प्रश्न आणि चाहत्यांची समीक्षा

१

लोकप्रिय वाङ्मयाचा विचार करताना समीक्षेने संहितेकडे आणि तिच्या बाजारपेठेकडे जितके लक्ष पुरवले, तितके तिच्या वाचकाकडे पुरवले नाही. पुरवले तेव्हाही हा वाचक बहुधा ग्राहक म्हणूनच गृहीत धरला गेला. तो संहितेचा उपभोग घेतो, चिकित्सा करीत नाही. त्याची आवडनिवड ही समाजशास्त्राची सामग्री असते, समीक्षेची नव्हे, असे मानले गेले. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स आणि त्यांचे चाहते यांच्या संबंधांचा इतिहास या गृहीताला छेद देतो. या चाहत्यांनी गेल्या सहा दशकांत पत्रे, परीक्षणे, सूची, मुलाखती आणि चित्रकारांच्या शैलींविषयीचे वाद यांतून एक सलग समीक्षाव्यवहार उभा केला आहे. त्याचे स्वरूप तपासणे आणि त्याच्या सामर्थ्याबरोबर त्याच्या मर्यादाही स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी उंबेर्तो एको यांचा सुपरमॅनवरील १९६२ सालचा निबंध हा सोयीचा आरंभबिंदू ठरतो. पुराणकथेतला नायक कालातीत असतो, तर कादंबरीतला नायक काळाबरोबर झिजतो. सुपरमॅनला या दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात; म्हणून त्याच्या कथा एका स्वप्नवत काळात घडतात आणि आधीच्या कथेत काय झाले याची आठवण पुढच्या कथेत धूसर होत जाते, असे एको यांचे प्रतिपादन आहे. संहितेच्या रचनेचे वर्णन म्हणून ते मार्मिक आहे. मात्र त्यात अभिप्रेत असलेला वाचक हा विसरणारा वाचक आहे. पुनरावृत्तीत विसावा शोधणारा आहे. नेमके त्याच सुमारास अमेरिकेत याच्या उलट स्वभावाचा वाचक संघटित होत होता. तो काहीही विसरायला तयार नव्हता. अंक जपून ठेवणे, त्यांची सूची करणे, दोन अंकांतील विसंगती संपादकांना पत्राने कळवणे हा त्याचा नित्यक्रम होता. रचनेने ज्या विस्मरणाची सोय करून ठेवली होती, ते विस्मरण या वाचकाने नाकारले. चाहत्यांच्या समीक्षेचा उगम या नकारात आहे.

२

१९६१ साली जेरी बेल्स यांनी 'आल्टर एगो' हे चाहत्यांचे अनियतकालिक काढले. रॉय थॉमस आरंभापासून त्यांचे सहकारी होते. अनियतकालिक हा शब्द मराठी वाचकाच्या मनात साठच्या दशकातील 'असो', 'वाचा' यांच्या आठवणी जागवील. हाताशी असेल त्या यंत्रावर मोजक्या प्रती काढणे, त्या ओळखीच्या वर्तुळात वाटणे, व्यावसायिक प्रकाशनाच्या बाहेर राहून लिहिणे हे साम्य आहेच. तथापि एक मूलभूत भेद नजरेआड करता येत नाही. आपली अनियतकालिके प्रस्थापित वाङ्मयव्यवहाराला नकार देण्यासाठी निघाली. 'आल्टर एगो' व्यावसायिक कॉमिक्सवरील प्रेमापोटी निघाले. थॉमस १९६५ मध्ये मार्व्हल कंपनीत लेखक म्हणून रुजू झाले आणि १९७२ मध्ये तेथील मुख्य संपादक झाले. चाहता आणि उद्योग यांच्यातली सीमारेषा मुळातच किती पुसट होती, हे यावरून कळते.

या काळात कॉमिक्सला सांस्कृतिक प्रतिष्ठा नव्हती, एवढे म्हणणेही सौम्यच होईल. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' या ग्रंथाने १९५४ साली कॉमिक्सवर बालगुन्हेगारीला उत्तेजन दिल्याचा ठपका ठेवला होता आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली होती. याच वर्थम यांनी १९७३ साली 'द वर्ल्ड ऑफ फॅन्झीन्स' हा ग्रंथ लिहून चाहत्यांच्या अनियतकालिकांची आस्थेने दखल घेतली. ज्यांच्यावर कॉमिक्सचा कुपरिणाम होईल अशी त्यांना धास्ती होती, तेच वाचक स्वतःची नियतकालिके काढून लिहू-बोलू लागले होते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

३

चाहत्यांनी विचारलेला पहिला समीक्षात्मक प्रश्न वरवर अगदी साधा होता: हे चित्र कोणी काढले? त्यामागची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय त्याचे गांभीर्य कळणार नाही. दीर्घकाळ अनेक कॉमिक्सवर निर्मात्यांची नावे छापली जात नसत. काम पानाच्या दराने विकत घेतले जाई आणि सर्व हक्क कंपनीकडे जात. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलर्सना दिले. पुढे त्यांची नावेही कथेवरून गेली आणि ती परत येण्यासाठी १९७५ साल उजाडावे लागले. डिस्ने कंपनीच्या बदकांच्या कथा लिहिणारे व रेखाटणारे कार्ल बार्क्स यांचे नाव तर वाचकांना वर्षानुवर्षे ठाऊकच नव्हते. वाचकांनी केवळ रेषेवरून त्यांना वेगळे ओळखले, 'चांगला बदकवाला चित्रकार' असे नाव दिले आणि अखेरीस त्यांचा ठावठिकाणा शोधून काढला.

ही शैलीनिष्ठ कर्तृत्वनिश्चिती आहे. एकोणिसाव्या शतकात जोव्हानी मोरेल्ली यांनी कानाची पाळी, नखे यांसारख्या दुर्लक्षित तपशिलांवरून इटालियन चित्रांचे कर्ते ठरवण्याची पद्धती मांडली. आपल्याकडे संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला नाममुद्रेवर विसंबून न राहता भाषा, रचना आणि विचार यांच्या आधारे अस्सल आणि प्रक्षिप्त यांचा निवाडा करावा लागतो. सुपरहिरो कॉमिक्सच्या चाहत्यांनी असे काही वाचले नसतानाही नेमके हेच काम केले. त्यांच्यापुढची सामग्री तर अधिक गुंतागुंतीची होती. कारण एका पानावर पेन्सिलीने रेखाटणारा, त्यावर शाई फिरवणारा, अक्षरे लिहिणारा आणि रंग ठरवणारा अशा अनेकांचे हात पडलेले असत. जॅक कर्बी यांच्या रेखाटनावर जो सिनॉट यांनी शाई फिरवली की आकृतीला धातूसारखी घनता येते; 'थॉर'मध्ये व्हिन्स कोलेटा यांनी शाई फिरवली की रेषा तुटक आणि केसाळ होते, शिवाय पार्श्वभूमीतील आकृत्या कधी कधी गाळल्या जातात. हे निष्कर्ष चाहत्यांनी मूळ पेन्सिल-रेखाटनांच्या छायाप्रती आणि छापील पाने शेजारी ठेवून काढले. पुरावा, तुलना आणि निर्णय ही समीक्षेची तिन्ही अंगे येथे दिसतात.

या व्यवहाराची खरी कसोटी बॅटमॅनच्या प्रकरणात लागली. १९३९ मध्ये अवतरलेल्या या व्यक्तिरेखेचे श्रेय एकट्या बॉब केन यांना दिले जात होते. १९६५ साली न्यूयॉर्कमधील चाहत्यांच्या संमेलनात लेखक बिल फिंगर उपस्थित राहिले. त्यांच्याशी झालेल्या संभाषणाच्या आधारे बेल्स यांनी त्याच वर्षी एक लेख लिहून बॅटमॅनच्या वेषापासून कथाविश्वापर्यंत फिंगर यांचा वाटा केवढा होता, ते मांडले. केन यांनी चाहत्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात हा दावा फेटाळून लावला. फिंगर १९७४ साली वारले. केन यांनी १९८९ च्या आत्मचरित्रात फिंगर यांना श्रेय मिळायला हवे होते, असे मान्य केले आणि २०१५ मध्ये कंपनीने फिंगर यांचे नाव अधिकृतपणे जोडले. तेही 'बॉब केन, बिल फिंगर यांच्यासह' अशा दुय्यम वाटणाऱ्या शब्दयोजनेत. बेल्स यांच्या लेखापासून या नामोल्लेखापर्यंत ५० वर्षे गेली. एका अनियतकालिकातला लेख येथे ऐतिहासिक दस्तऐवज ठरला.

४

असे असले तरी चाहत्यांच्या समीक्षेचा गौरव करून थांबणे योग्य होणार नाही. तिच्या मर्यादा तिच्या गुणांतूनच उद्भवतात.

पहिली मर्यादा स्मरणाची. जो वाचक काही विसरत नाही, तो लवकरच सुसंगती हेच मूल्य मानू लागतो. नवी कथा चांगली आहे का, या प्रश्नाची जागा ती जुन्या कथांशी जुळते का, हा प्रश्न घेतो. येथे समीक्षा हिशेबतपासणीच्या पातळीवर उतरते.

दुसरी मर्यादा चित्रकाराच्या पूजेची. ज्या नावांसाठी साठच्या दशकात शोध घ्यावा लागला, ती नावे नव्वदच्या दशकात विक्रीचे साधन झाली. १९९१ साली जिम ली यांनी रेखाटलेल्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह सुमारे ८० लाख प्रती खपल्या. त्यांतल्या कितीतरी पुढे भाव येईल या आशेने घेतलेल्या होत्या. १९९२ मध्ये ली, टॉड मॅकफार्लेन, रॉब लायफेल्ड आदी चित्रकारांनी इमेज कॉमिक्स स्थापन करून हक्क निर्मात्याकडे ठेवले. श्रेयाच्या लढ्याचे हे मोठे यश होय. परंतु याच काळात 'चांगले चित्र' म्हणजे तपशिलांनी गच्च भरलेली, ताणलेल्या स्नायूंची एकाकी आकृती, असे समीकरणही रुजले. लायफेल्ड यांना पाय काढता येत नाहीत, ही चाहत्यांमधली जुनी थट्टा या समीकरणावरची प्रतिक्रिया आहे; पण शरीररचनेच्या चुका मोजणे म्हणजे चित्रकथेचे वाचन नव्हे, याचे भान त्या थट्टेतही नाही.

याच्याशी निगडित असलेली तिसरी मर्यादा पद्धतीची आहे. चाहत्यांचे परीक्षण बहुधा 'कथा' आणि 'चित्रे' असे दोन कप्पे करून प्रत्येकाला स्वतंत्र गुण देते. मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या 'हॉकआय' मालिकेतील २०१३ चा अकरावा अंक या विभागणीला दाद देत नाही. ती कथा एका कुत्र्याच्या जाणिवेतून सांगितलेली आहे. माणसांच्या बोलण्यातले त्याला कळतात तेवढेच शब्द पानावर दिसतात. बाकीचा अर्थ वास, वस्तू आणि व्यक्ती यांना जोडणाऱ्या लहान चिन्हाकृतींतून वाहतो. येथे निवेदन चित्रातच घडत असल्यामुळे कथा कोठे संपते आणि चित्र कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. अशा कृतीपुढे गुणांकनाची पद्धती अपुरी पडते.

चौथी मर्यादा अधिकाराची. १९८८ मध्ये बॅटमॅनचा सहकारी रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा, याचा कौल दूरध्वनीवरून घेण्यात आला. मरणाच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली. ७२ मतांनी एका व्यक्तिरेखेचा मृत्यू ठरला. वाचक अर्थ घडवतो, हा सिद्धान्त येथे व्यापारी प्रयोगाच्या रूपात अवतरला आणि पैसे भरून मिळालेली सत्ता म्हणजे अर्थनिर्णयन नव्हे, हेही त्यातून दिसले. याउलट गेल सिमोन यांनी १९९९ साली केलेली यादी पाहावी. ठार झालेल्या, जायबंदी झालेल्या किंवा शक्ती गमावलेल्या स्त्री-व्यक्तिरेखांची ती नोंद होती. १९९४ च्या 'ग्रीन लँटर्न'मधील एका प्रसंगात नायकाच्या प्रेयसीचे शव शीतकपाटात आढळते. त्यावरून या यादीला नाव मिळाले. सिमोन तेव्हा व्यावसायिक कॉमिक्सच्या लेखिका नव्हत्या. चाहत्यांची तीच सूची करण्याची सवय त्यांनी वापरली. फक्त प्रश्न बदलला. विसंगती शोधण्याऐवजी त्यांनी पुनरावृत्ती शोधली आणि त्या पुनरावृत्तीमागचा दृष्टिकोन उघडा पाडला. मुख्यतः पुरुषांच्या राहिलेल्या या वाचकसमूहाला स्वतःच्या आस्वादाची चिकित्सा करणे यामुळे भाग पडले.

५

स्टॅन्ली फिश यांची 'अर्थनिर्णायक समूह' ही संकल्पना किंवा हेन्री जेन्किन्स यांनी 'टेक्शुअल पोचर्स' (१९९२) मध्ये मांडलेली संहितेत घुसखोरी करणाऱ्या चाहत्याची प्रतिमा या व्यवहाराला काही अंशी लागू पडते. तथापि दोन्हींत भर आहे तो अर्थावर. येथे चर्चिलेल्या चाहत्यांचा विशेष असा की, त्यांनी अर्थाइतकाच कर्त्याचा प्रश्न लावून धरला. रोलाँ बार्त यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा तिचा रोख लेखकाच्या अनिर्बंध अधिकारावर होता. परंतु ज्या वाङ्मयप्रकारात लेखकाला अधिकार तर सोडाच, नावही नव्हते, तेथे हीच घोषणा नकळत मालकाच्या सोयीची ठरते. सिद्धान्त कोणत्या परिस्थितीत उच्चारला जातो, यावर त्याची नैतिक बाजू अवलंबून असते, हे श्रेयाच्या या इतिहासातून ध्यानी येते.

'सहृदय' या संज्ञेत आपल्या काव्यशास्त्राने आस्वादकाकडून अनुशीलनाने निर्मळ झालेल्या मनाची अपेक्षा ठेवली. पण कवी कोण, हे शोधण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली नाही. यंत्रयुगातल्या सामूहिक निर्मितीने ती टाकली आहे. चित्रपट, दूरदर्शन-मालिका, जाहिरात या सर्व क्षेत्रांत अनेकांचे हात आणि एकाचीच मालकी, ही स्थिती आज सार्वत्रिक आहे. तिचा अभ्यास करू पाहणाऱ्या समीक्षकाला संहितेच्या मर्मदृष्टीबरोबरच पाने शेजारी ठेवून रेषा ताडून पाहण्याची चिकाटीही लागेल. ती चाहत्यांनी दाखवली आहे. त्यांच्या मूल्यविचारातली उणीव भरून काढणे हे विद्यापीठीय समीक्षेचे काम आहे. पण त्यासाठी या सामग्रीची विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नोंद व्हावी लागेल, कारण अनियतकालिकांचा कागद फार काळ टिकत नाही.