वनलाइन किती पक्की असावी?

मंडळी, मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, म्हणून आज त्यावरच बोलणार आहोत. पटकथा लिहायला बसण्याआधी आराखडा किती करायचा?

विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एकाकडे चाळीस पानांची वनलाइन असते, अगदी सीनच्या नंबरांसकट. पण पहिला सीन लिहायला घेतला की हात हलत नाही. दुसऱ्याने साठ पानं लिहिलेली असतात आणि पुढे काय, ते त्यालाच ठाऊक नसतं. हा दुसरा हमखास म्हणतो, सत्यजित रायांनी तरी कुठे स्क्रिप्ट लिहिली होती?

आमची हरकत या वाक्याला आहे.

ते खोटं नाही. ‘पथेर पांचाली’ची रूढ अर्थाने पूर्ण पटकथा नव्हती. टिपणं होती आणि चित्रांची वही होती. पण त्या वहीच्या मागे काय होतं, ते बघा की. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची कादंबरी होती, १९२९ साली पुस्तकरूपात आलेली. तिच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं रायांनीच काढली होती. एवढी मोठी कादंबरी छाटली की काय उरतं, हे त्यांनी सिनेमाच्या आधीच हाताने रेखाटलेलं होतं. याला आराखडा नाही म्हणायचं, तर मग कशाला म्हणायचं?

आता इंदिर ठाकरुण घ्या. कादंबरीत ही म्हातारी फार लवकर जाते. अपू तेव्हा अगदी तान्हा आहे. रायांनी तिला जगवलं. अपू मोठा होईपर्यंत जगवलं, आणि तिचं मरण कुठे ठेवलं? आगगाडीच्या लगेच नंतर. काशफुलांच्या रानातून दोघं भावंडं गाडी बघायला जातात, आनंदात परत येतात आणि बांबूच्या बनात बसलेल्या म्हातारीला हलवतात, तर ती मेलेली. हा बदल सेटवर सकाळी चहा पिताना सुचून होत नाही. त्यासाठी मुलाचं वय, आईचं वागणं, मधला सगळा काळ आधी हलवावा लागतो. काशफुलांचं एक दिवसाचं शूटिंग झालं. पुढच्या आठवड्यात येऊन पाहतात तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली! राय पुढच्या मोसमापर्यंत थांबले. प्रसंगाची जागा पक्की असल्याशिवाय माणूस फुलांसाठी वर्ष थांबत नाही.

‘कॅसाब्लँका’चंही असंच सांगतात, की शूटिंग चालू होतं आणि पानं मागून येत होती. येत होती, खरं आहे. पण खाली एक अख्खं नाटक होतं, रंगमंचावर न आलेलं, आणि त्या नाटकातही रिक त्या दोघांना बाहेर काढून देतो. ते असो.

आता चाळीस पानंवाल्याकडे येऊ. त्याच्या वनलाइनमध्ये काय लिहिलेलं असतं? ‘आईला अपराधी वाटतं.’ ‘दोघांतला दुरावा वाढतो.’ अहो, हे प्रसंग नव्हेत, हे निकाल आहेत! मग सीन लिहिताना बिचारी आई तोंडाने म्हणते, मला अपराधी वाटतंय. आम्हीही एक पटकथा अशीच वनलाइनमध्ये मारून टाकली होती, म्हणून जरा तावातावाने बोलतोय. ‘पथेर पांचाली’त म्हातारी शेवटची घरी येते, पाणी मागते, आणि सर्वजया म्हणते, स्वतः घे. म्हातारी पाणी पिते आणि उरलेलं अंगणातल्या रोपट्याला घालते, मग निघते. आराखड्यात एवढंच हवं की सर्वजया तिला थारा देत नाही आणि ती निघून जाते. रोपट्याचं पाणी ओळीत कोंबायचं नसतं. ते म्हातारीसोबत तेवढा वेळ बसल्यावर येतं.

म्हणजे आमचं मत असं, की जे घडल्यावर मागे फिरता येत नाही, ते आधी ठरवावं, आणि क्रमासकट ठरवावं. माणसं त्या वेळी काय बोलतात, हाताशी काय करतात, ते मोकळं सोडावं.

यात एक भानगड आहे. रायांची वही त्यांनाच वापरायची होती. ‘अर्धसत्य’ बघा, १९८३ चा. कथा पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, दिग्दर्शन निहलानींचं. चार हातांतून जाणारी गोष्ट डोक्यात ठेवून चालत नाही, कागदावरच भक्कम लागते. तेव्हा किती लिहायचं हे विचारण्याआधी, कोण वाचणार आहे ते विचारा. निर्मात्याला दाखवायची वनलाइन आणि स्वतःची वनलाइन एकच असलीच पाहिजे, असं कुणी सांगितलं?

आणि ती साठ पानं? फाडू नका. पुन्हा पहिल्या पानापासूनही लिहू नका. एका कोऱ्या कागदावर फक्त एवढंच उतरवा, की या साठ पानांत परत न फिरवता येणारं काय काय घडलं. आम्ही हे जितक्यांकडून करून घेतलं, त्यांच्या कागदावर दोन-तीन ओळीच आल्या, आणि एकाच्या कागदावर एकही नाही. त्याच्या साठही पानांत माणसं छान बोलत होती. त्याला आम्ही एकच विचारलं, यांच्यापैकी कोण उद्या घर सोडून जाऊ शकेल? तो आता तिथून पुढे लिहितोय.