क्षयाचे वय: हाडांची साक्ष आणि जनुकांचे घड्याळ

क्षयरोग किती जुना, या प्रश्नाला प्राचीन मानवी अवशेषांनी दिलेली दोन उत्तरे जुळत नाहीत. लोकप्रिय लेखनात मात्र सोयीचे तेवढे एकच उचलले जाते.

पहिले उत्तर हैफाजवळ समुद्रात बुडालेल्या अटलिट-याम या नवाश्मयुगीन गावाचे. तेथे पुरलेली एक तरुण स्त्री आणि तान्हे मूल यांच्या सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या हाडांत क्षयजंतूच्या डीएनएचे तुकडे व मेदद्रव्ये मिळाल्याचे 2008 मध्ये जाहीर झाले. दुसरे उत्तर पेरूमधले. तेथील सुमारे 1000 वर्षांपूर्वीच्या तीन सांगाड्यांतून जंतूंचे जीनोम जुळवण्यात आले. 2014 च्या या अभ्यासात ते जंतू सील व सी-लायन यांच्या क्षयजंतूंना सर्वांत जवळचे निघाले. म्हणजे कोलंबसाच्या आधीही अमेरिकेत क्षय होता. जनुकीय बदलांच्या वेगावरून मात्र साऱ्या ज्ञात क्षयजंतूंचा सामाईक पूर्वज 6000 वर्षांहून अलीकडचा ठरला. लुंडचे बिशप पेडर विन्स्ट्रुप 1679 मध्ये वारले. त्यांच्या फुप्फुसातील गाठीच्या 2020 मधील अभ्यासानेही याला दुजोरा दिला.

मग 9000 वर्षांपूर्वीच्या हाडांत हा जंतू आला कोठून? माझ्या मते हा पेच प्रश्नाच्या मांडणीतून निर्माण होतो. जनुकांचे घड्याळ मोजते ते हाती आलेल्या वंशांच्या पहिल्या फाट्याचे वय. रोगाचे जन्मवर्ष नव्हे. त्याआधी निर्वंश झालेल्या शाखा त्याला दिसत नाहीत. अर्थात, एवढ्याने अटलिट-यामचा दावा सिद्ध होत नाही. क्षयजंतूचे कितीतरी भाऊबंद मातीत राहतात, त्यामुळे तुटक अंशांवरून ओळख पटवणे धोक्याचे. पूर्ण जीनोम हाती येईपर्यंत त्या दाव्याला शक्यतेपलीकडचे स्थान देऊ नये.

नुसत्या हाडांवर विसंबणेही पुरेसे नाही. उपचार न झालेला क्षयही थोड्याच रोग्यांच्या हाडांपर्यंत पोचतो. मणके खचून पाठीला कुबड येण्याइतका काळ रोगी जगावा लागतो. जो लवकर दगावला, त्याचा सांगाडा निरोगी माणसासारखाच दिसतो. त्यामुळे दफनभूमीत खुणा कमी सापडल्या म्हणून तेथे क्षय कमी होता, असे म्हणता येत नाही. कदाचित तेथे माणसे हाडांवर खूण उमटण्याआधीच मरत असतील.

म्हणून ‘सर्वांत जुना क्षयरोगी’ असे लिहिताना त्याआधी ‘आजवर सापडलेला’ हे शब्द हवेतच. या रोगाने मेलेल्यांपैकी बहुतेकांनी हाडांवर काहीही लिहून ठेवलेले नाही.