मागे राहिलेली मुले : ल्यांग गावाचे चित्रण
ल्यांग होंग यांच्या २०१० मध्ये प्रकाशित चिनी ग्रंथात हेनान प्रांतातील त्यांच्या मूळ गावाचे चित्रण येते. आईवडील शहरात मजुरीला आणि नातवंडे आजीआजोबांच्या हवाली, अशी तेथील स्थिती आहे. एका आजीचा नातू नदीत बुडून मरतो. ती स्वतःला दोषी मानते. ग्रंथ मात्र वाळूउपशाने धोकादायक झालेली नदी आणि डुकरांचा गोठा बनलेली शाळाही दाखवतो. त्यामुळे मुलांची सुरक्षितता हा केवळ पालकत्वाचा प्रश्न उरत नाही. मुलांचा स्वतःचा आवाज मात्र येथे क्षीण आहे. बीडमधील ऊसतोड मजुरांच्या गावी राहणाऱ्या मुलांविषयीच्या मराठी लेखनालाही हीच कसोटी लावली पाहिजे.