वंशावळीत न मावणारी माणसं

कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन या सगळ्यांची समीक्षा आपण वाचतो. कुलवृत्तांताची सहसा वाचत नाही. खरं तर अनेक मराठी घरांत कपाटात जपून ठेवलेलं हेच पुस्तक असतं, आणि आता त्याची पीडीएफ फॅमिली ग्रुपवर फिरत असते. सुरुवातीला गोत्र, कुलदैवत, मूळ गाव. मग घराण्यांनुसार माहिती. आणि घडी उलगडून पाहायचे वंशवृक्ष.

या पुस्तकांमागचे कष्ट मोठे आहेत. कंप्युटर नव्हता त्या काळात कुणीतरी पोस्टानं छापील फॉर्म पाठवले, आठवणपत्रं लिहिली, नातेवाइकांकडून वर्गणी जमवली. एका माणसाला मिळतात तीन-चार ओळी: जन्म, शिक्षण, नोकरी, पत्नीचं माहेर, अपत्यं. पण या ओळी सलग वाचल्या की गंमत कळते. कोकणातलं घराणं देशावर येतं, पुढे इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याला पांगतं, मग रेल्वेत, पोस्टात, शाळाखात्यात शिरतं, आणि शेवटच्या पिढीच्या पत्त्यांत अमेरिका येते. स्थलांतराचा इतका बारीक तपशील दुसरीकडे क्वचितच मिळतो.

अडचण आहे ती या पुस्तकांच्या आकारात. कंप्युटर सायन्समध्ये 'ट्री' म्हणजे अशी रचना जिच्यात प्रत्येक नोडला एकच पालक असतो. माणसाला दोन असतात. दहा पिढ्या मागे गेलं तर त्या एका पिढीत आपल्या पूर्वजांच्या 1024 जागा होतात. नात्यात लग्नं झाल्यामुळे काही माणसं त्यांत पुन्हा येतील, तरी जागा तेवढ्याच. कुलवृत्तांत त्यातली एक जागा भरतो आणि त्या एका रेषेला आपण 'आमचं घराणं' म्हणतो. बाकीच्या 1023 जागा कुणाच्या होत्या, हा प्रश्नच पुस्तकात उठत नाही.

मुलीच्या नावापुढे सासरचं नाव येतं आणि तिची ओळ तिथेच थांबते. त्याहून बोलका शब्द आहे 'निर्वंश'. ज्या शाखेत मुलगा नाही तिच्यापुढे अनेक वंशावळींत हा शब्द लिहिलेला दिसतो. त्या माणसाला चार मुली असतील, त्यांची नातवंडं आज ग्रुपवर तीच पीडीएफ उघडून बसली असतील. कागदावर मात्र तो निर्वंश.

हेच घराणं तलाठ्याच्या दप्तरात शोधून पाहावं. खातेदार वारला की फेरफाराला वारसांची नोंद होते, आणि तिथे मुलीही येतात. तलाठी पुरोगामी असतो म्हणून नव्हे, कायदा आहे म्हणून. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस केलं. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क महाराष्ट्रात 1994ला आणि देशभर 2005ला मिळाला. कित्येकदा त्याच मुलींच्या नावाचा पुढचा फेरफार हक्कसोडीचा असतो. दोन नोंदी, मध्ये थोडेच महिने. बहिणींनी हक्क सोडला की सोडायला लावला, हे फेरफार सांगत नाही; पण काहीतरी घडलं एवढं तरी सांगतो. कुलवृत्तांत तेवढंही सांगत नाही. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यानं तिथूनही सुरुवात करावी.

अर्थात फेरफारात नाव यायला जमीन लागते. ज्यांना ती नव्हती त्यांचं काय? जात पडताळणीसाठी फाइल केलेल्या कुणालाही तीन तारखा माहीत असतात: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. त्याआधीचा पुरावा हवा, आणि तो वडिलांकडच्या रक्तनात्यातला. आजोबा शाळेतच गेले नसतील, पालं उचलत गावोगाव फिरले असतील, तर जनरल रजिस्टरमध्ये नाव येणार कुठून? इथे वंशावळ हौसेची राहत नाही. शपथपत्रावर काढलेल्या त्या झाडावर कॉलेजची सीट अवलंबून असते. आणि त्या सरकारी झाडाचा आकारही कुलवृत्तांतासारखाच: पणजोबा, आजोबा, वडील, मी.

2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची अचानक गरज पडली. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, निजामकाळातले महसुली कागद, शाळेची दप्तरं उघडली गेली. आरक्षणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, पणजोबांचं नाव शोधणं हा निवृत्तीनंतरचा छंद असतो, ही समजूत त्या वर्षी मोडली.

आज नवी पिढी हाच वृत्तांत अ‍ॅपमध्ये भरते आहे. अ‍ॅपला दोन पालक चालतात. भरणारे आपण मात्र आडनावाच्या रेषेनंच खाली उतरतो. शिवाय लग्नानंतर आपल्याकडच्या बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी पहिलंही बदलतं. माहेरचं पूर्ण नाव आणि गाव वेगळं लिहिलं नाही, तर दोन पिढ्यांत ती कुठल्याच शोधात सापडणार नाही.

म्हणून नव्या कुलवृत्तांताकडून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, प्रत्येक ओळीपुढे माहिती कुणी सांगितली किंवा कुठल्या कागदावरून घेतली ते लिहावं. दोन, मुलींच्या शाखा पुढे चालू ठेवाव्यात. पान पुरत नाही ही सबब आता उरलेली नाही. तीन, जिथे माहिती नाही तिथे 'निर्वंश' न लिहिता जागा कोरी सोडावी. कोऱ्या जागेत पुढे कुणीतरी नाव लिहू शकतं. 'निर्वंश' लिहिलं की तिथे कुणी शोधतच नाही.