क्रॉफर्ड निकालपत्र : ओझे कोणाचे, पुरावा कोणाचा?

मतदानासाठी ओळखपत्राची सक्ती असावी की नाही, या अमेरिकेतील वादात दोन्ही बाजूंना ज्या दस्तऐवजाकडे वारंवार वळावे लागते, तो म्हणजे ‘क्रॉफर्ड विरुद्ध मॅरियन काउंटी निवडणूक मंडळ’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २००८ रोजी दिलेला निकाल. इंडियाना राज्याचा २००५ चा छायाचित्र ओळखपत्राचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरला. मात्र या सहा जणांतही एकवाक्यता नव्हती. मुख्य निकालपत्र न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे असून त्यास सरन्यायाधीश रॉबर्ट्स व न्या. केनेडी यांची संमती आहे. न्या. स्कॅलिया यांनी थॉमस व अलिटो यांच्यासह वेगळ्या वाटेने तोच निष्कर्ष गाठला. त्यामुळे हे निकालपत्र एक युक्तिवाद म्हणून तपासून पाहणे आवश्यक ठरते.

स्टीव्हन्स यांची पद्धत तराजूची आहे. एका पारड्यात मतदारावर पडणारे ओझे, दुसऱ्या पारड्यात राज्याचे हित. पद्धतीबद्दल तक्रार नाही, वजनांबद्दल आहे. इंडियानात कोणी तोतया मतदार प्रत्यक्ष केंद्रावर येऊन मत टाकून गेल्याचा एकही पुरावा खटल्याच्या नोंदीत नाही, हे निकालपत्र स्वतःच मान्य करते. मग आधार कशाचा? तळटिपेत १८६८ च्या न्यूयॉर्कमधील ‘बॉस’ ट्वीड यांच्या काळातील तोतये येतात. पाठोपाठ ईस्ट शिकागो येथील महापौरपदाच्या २००३ च्या प्राथमिक निवडणुकीतील गैरप्रकार. परंतु तो टपाली मतांचा होता, आणि टपालाने मत पाठवणाऱ्याकडे हा कायदा ओळखपत्र मागतच नाही! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

याचिकाकर्त्यांकडून मात्र नेमके आकडे मागितले गेले. ओळखपत्र नसलेल्यांची संख्या जिल्हा न्यायाधीशांनी सुमारे ४३,००० धरली होती. तरीही त्यांपैकी किती जणांना ते मिळवणे खरोखर कठीण आहे, हे सिद्ध झाले नाही, असे स्टीव्हन्स म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. याचिकाकर्त्यांच्या तज्ज्ञाचा अहवाल जिल्हा न्यायालयाने अविश्वसनीय ठरवला होता, आणि प्रत्यक्ष अडलेल्या मतदारांची चित्रे उभी करण्यात त्यांची बाजू तोकडी पडली. तथापि राज्याची शंका पुराव्यावाचून ग्राह्य धरायची आणि नागरिकाची अडचण मात्र मोजूनमापून मागायची, या विषमतेचे समाधानकारक समर्थन निकालपत्रात मिळत नाही.

न्या. सूटर यांच्या भिन्नमतात (त्यास न्या. गिन्सबर्ग यांची संमती आहे, न्या. ब्रेयर यांनी स्वतंत्र भिन्नमत लिहिले) प्रथमच हाडामांसाचा मतदार समोर येतो. मॅरियन काउंटीत मतदानाचे विभाग नऊशेहून अधिक, तर ओळखपत्र देणाऱ्या मोटारवाहन खात्याच्या शाखा १२. राज्यातील ९२ काउंट्यांपैकी २१ काउंट्यांत सार्वजनिक वाहतूकच नाही. ओळखपत्र फुकट आहे, पण त्यासाठी लागणाऱ्या जन्मदाखल्यास ३ ते १२ डॉलर पडतात. ज्याला हे परवडत नाही त्याने तात्पुरती मतपत्रिका भरावी आणि दहा दिवसांच्या आत काउंटीच्या न्यायालयीन कार्यालयात जाऊन प्रतिज्ञापत्र करावे, तेही दर निवडणुकीला. म्हणजे बसभाडे नाही म्हणून ज्याला सूट, त्याने ती सूट पदरात पाडून घेण्यासाठी पुन्हा बसभाडे काढायचे!

स्कॅलिया यांना हा तपशीलच अप्रस्तुत वाटतो. त्यांच्या मते नियम सर्वांना एकच असताना एकेका मतदाराची अडचण पाहण्याचे कारण नाही. प्रवेशाच्या दिवसांत दाखल्यांसाठी विद्यार्थ्यांची होणारी धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्या महाविद्यालयीन शिक्षकांना हा युक्तिवाद पटणे अवघड आहे. निकालानंतर आठच दिवसांनी, ६ मे २००८ च्या प्राथमिक निवडणुकीत, साउथ बेंड येथील सुमारे डझनभर वृद्ध नन ओळखपत्राअभावी मत न देता परतल्या. त्यांना नकार देणारी केंद्रावरील कर्मचारी त्यांच्याच मठातील भगिनी होती.

भारतीय वाचकाने येथे एक भेद ध्यानात घ्यावा. टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत १९९३ मध्ये आलेले मतदार ओळखपत्र शासकीय यंत्रणेनेच मतदाराच्या हाती दिले, आणि ते जवळ नसल्यास अन्य दस्तऐवजांची मुभा ठेवली. बिहारमधील २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा प्रश्न मतदान केंद्राचा नव्हता, यादीत नाव राहण्याचा होता. पण तेथेही कागद जमवण्याची जबाबदारी मतदारावर आली. आयोगाच्या ११ दस्तऐवजांच्या यादीत आधार नव्हते. ओळखीचा बारावा दस्तऐवज म्हणून ते स्वीकारण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास ८ सप्टेंबर २०२५ रोजी द्यावा लागला.

क्रॉफर्डवरील सर्वांत बोलका अभिप्राय निकालपत्राबाहेर सापडतो. हाच कायदा २००७ मध्ये अपील न्यायालयात उचलून धरणारे न्या. रिचर्ड पोस्नर यांनी २०१३ च्या ‘रिफ्लेक्शन्स ऑन जजिंग’ या पुस्तकात तो निकाल लिहिल्याची कबुली दिली, आणि असे कायदे आता गैरप्रकारांपेक्षा मतदारांनाच रोखण्याचे साधन मानले जातात, असे नमूद केले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या तशाच कायद्याविरुद्ध त्यांनी भिन्नमत नोंदवले. स्टीव्हन्स यांनीही पुढे या निकालाबद्दल खंत व्यक्त केली. मात्र समोर आलेल्या नोंदीवर तो योग्यच होता, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.